पासपोर्ट आत्ताच काढ, आणि आईचाही

मिरजेत नर्स आहेस, जर्मन भाषेच्या बी वन पातळीचा क्लास चालू आहे, आणि पासपोर्ट आत्ता काढू की परीक्षेचा निकाल लागल्यावर, असं विचारलंस. आई थांब म्हणते, कारण पासपोर्ट आला की पोरगी गेलीच असं तिला वाटतं. हे वाचल्यापासून दोन दिवस माझं कशात मन नाही. मी सांगलीची, 2015 पासून जर्मनीत न्युर्नबर्गला आहे.

काढ. याच आठवड्यात अर्ज भर. पंधराशे रुपये फी, दहा वर्षं चालतो. गेली नाहीस तर घरात पडून राहील, एवढंच. फॉर्म, अपॉइंटमेंट, पोलीस पडताळणी हे सगळं पासपोर्ट सेवाच्या साइटवर आहे, ते मी सांगत बसत नाही. मी नावाचं सांगते, कारण त्या एका गोष्टीनं आमचं वर्ष खाल्लंय.

दहावीचं सर्टिफिकेट, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, आधार, सगळे कागद शेजारी शेजारी मांड आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून बघ. वडिलांच्या नावात एका ठिकाणी शेवटी ‘ए’ असेल आणि दुसऱ्या ठिकाणी नसेल, तर ते आत्ताच दुरुस्त कर. इकडच्या ऑफिसात दोन स्पेलिंगं म्हणजे दोन माणसं. जर्मनच्या सर्टिफिकेटवरही पासपोर्टवरचंच नाव यायला हवं, म्हणूनसुद्धा पासपोर्ट आधी. आणि उद्या लग्न ठरलं तर नाव बदलू नकोस. पासपोर्टला त्याची सक्ती नाही. सासरचे काय म्हणतील ते म्हणू देत.

माझ्या आईचं माहेरचं नाव शकुंतला. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं सुनंदा लिहिलं आणि त्या दिवसापासून ती सुनंदा झाली. शाळेच्या दाखल्यावर शकुंतला, रेशन कार्डावर सुनंदा, आधारवर सुनंदाबाई. दाखल्यावर जन्मतारीख 1 जून, कारण गुरुजींनी निम्म्या वर्गाची तीच लावलेली. आधारवर 1 जानेवारी. 2017 मध्ये मला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि आई बाळंतपणाला येणार असं ठरलं, तेव्हा हे सगळं बाहेर आलं. प्रतिज्ञापत्र, पेपरात जाहिरात, राजपत्र, मग पुन्हा अपॉइंटमेंट. भाऊ दर वेळी रानातलं काम टाकून तिला घेऊन जायचा आणि दर वेळी एखादा कागद कमी पडायचा. ती आली तेव्हा बाळ पाच महिन्यांचं होतं. आल्या आल्या तिनं बॅगेतून डिंकाच्या लाडवांचा डबा काढला, बाळंतिणीसाठी केलेला. तोवर बाळाला खालचा दात आला होता. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या थोड्या दिवसांच्या भेटीच्या, व्हिसावर 90 दिवस मिळतात, तेवढे राहिली आणि गेली.

वडिलांनी काढलाच नाही. “मी कुठं जातोय, म्हशींचं कोण बघणार,” म्हणाले. त्यांच्या कागदांत एकही चूक नव्हती, एका खेपेत काम झालं असतं. मी आग्रह केला नाही. आईचंच मार्गी लागत नव्हतं, त्यात आणखी एक नको, असं तेव्हा वाटलं. 2020 च्या जानेवारीत ते गेले. माझं घर त्यांनी फोनवरच पाहिलं. आग्रह केला नाही हे मी कुणाला बोलले नव्हते, आज तुला लिहितेय.

एकटेपणाचं विचारलंस. वाटतो. ड्युटी लागली की कमी होतो. त्यावर माझ्याकडे जास्त सांगण्यासारखं नाही.

तुला अजून मूल नाही, तरी शाळेचं सांगून ठेवते. इथं बायर्न राज्यात चौथीतच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी 2.33 पर्यंत असेल तरच थेट गिम्नाझियम, म्हणजे सरळ विद्यापीठाकडे नेणारी शाळा. इथं 1 म्हणजे उत्तम, आकडा वाढला की खाली. माझी मुलगी सहा वर्षांची असताना आली, तेव्हा जर्मनचा एक शब्द येत नव्हता. चौथीत गणितात 1, परिसर अभ्यासात 3, जर्मनमध्ये 4. सरासरी 2.66, म्हणजे रेआलशूल, त्याच्या खालची मधली शाळा. तीन दिवसांचे चाचणी वर्ग असतात, ते देऊन गिम्नाझियमला जाता येतं. बाई म्हणाल्या, कशाला तिच्यावर ताण देता. आणि मी ऐकलं! मुलगी आज मजेत आहे, चांगलं शिकतेय, पुढं विद्यापीठाचा रस्ताही बंद नाही. पण गणितात 1 मिळवलेल्या पोरीसाठी मी शाळेत चार वाक्यं बोलू शकले नाही, कारण माझं स्वतःचं जर्मन तेवढं नव्हतं. म्हणून क्लास सोडू नकोस. बी वनवर थांबूही नकोस, नर्सला नाहीतरी बी टू लागतंच.

आणि आईचं. तिला सांग की हा पासपोर्ट तुला एकटीला नकोय, दोघींचे निघणार आहेत. तिचं लग्नात नाव बदललं असेल, तर आधी तिच्या शाळेत जा आणि जनरल रजिस्टरवरून प्रवेश निर्गम उतारा, म्हणजे तिच्या नावाच्या नोंदीची नक्कल, माग. जुनी रजिस्टरं कपाटात तळाला असतात, शिपायाला शोधायला वेळ लागतो. सकाळी लवकर जा, आणि आईला बरोबर ने.