इन्सुलिन रेझिस्टन्सवर सप्लिमेंट घेऊ का? – कोठीमागच्या सहा बाटल्या

"मॅडम, रिपोर्टमध्ये इन्सुलिन रेझिस्टन्स निघालंय, कोणतं सप्लिमेंट चांगलं?"

मी समुपदेशक, डॉक्टर नाही, जळगावात एका दवाखान्याला लागून असलेल्या छोट्या खोलीत बसते, तरी हा प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा येतोच. पीसीओडीवाली (अंडाशय आणि पाळीचा त्रास असलेली) कॉलेजची मुलगी विचारते, चाळिशीतली बाई विचारते, बायकोसाठी नवरे पण विचारतात. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं. एका ताईंची गोष्ट सांगते. गाव, घरची माणसं, बारीकसारीक तपशील बदललेत, आणि खरं म्हणजे दोन-तीन जणींचं मिळून एक झालंय, तेव्हा ओळखायला जाऊ नका.

ताई पारोळ्याकडच्या, वय 39, जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. संक्रांतीनंतर आल्या होत्या. उपाशीपोटी शुगर 108, एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांच्या शुगरचा अंदाज, 6.1, म्हणजे डायबेटीस नाही पण उंबरठ्यावर (5.7 ते 6.4 ला प्रीडायबेटीस म्हणतात). मानेवर काळसर पट्टा (इन्सुलिन रेझिस्टन्सची एक खूण), तो त्या पदर ओढून झाकत होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं वजन कमी करा, चाला, तीन महिन्यांनी या. पण झोप लागत नव्हती म्हणून त्यांनीच माझ्याकडे पाठवलं.

बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून एक-एक करत सहा बाटल्या टेबलावर मांडल्या. दालचिनीच्या कॅप्सूल, बर्बेरीन, क्रोमियम, मॅग्नेशियम, व्हिटॅमिन डी आणि सफरचंदाच्या व्हिनेगरच्या गोळ्या.

"ह्या सगळ्या चालू आहेत?"

"हो मॅडम, आठ महिने झाले. महिन्याला तीन हजार दोनशे जातात, कधी साडेतीन."

"आणि चालणं?"

"ते जमत नाही."

त्या दिवशी मी त्यांना माहिती दिली, ती इथेही देते, कारण लोकांना ती हवी असते आणि अर्धवट मिळते. शिक्षिका होत्या म्हणून मी वर्गाचंच उदाहरण दिलं. इन्सुलिन म्हणजे बाई आणि स्नायू, लिव्हर, चरबी ही पोरं. पोरं ऐकत नाहीत, हाच इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणून बाई आवाज चढवतात, म्हणजे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, काही वर्षं निभावतं, मग एक दिवस घसा बसतो आणि शुगर वर जाते. आता प्रश्न असा की गोळीने पोरं ऐकायला लागतात का.

दालचिनीवर बरेच छोटे प्रयोग झाले, 2012 मध्ये ते सगळे एकत्र करून तपासले गेले तेव्हा डायबेटीसमध्ये तिचा भरवसा धरावा असं काही हाती लागलं नाही. शिवाय बाजारात मिळते ती बहुतेक कॅशिया जातीची, तिच्यात कुमारिन असतं, ते रोज जास्त पोटात गेलं तर लिव्हरला त्रास. मसाल्यात घालतो तेवढ्याने काही होत नाही, मी रोज कॅप्सूल भरभरून खाण्याबद्दल बोलतेय. क्रोमियमचे निकाल कुठे असे कुठे तसे. मॅग्नेशियम शरीरात कमी असेल तर भरून काढायचा उपयोग होतो, पण किडनी अधू असेल तर तेच महागात पडतं. व्हिटॅमिन डीचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला, 2019 ला छापून आला, प्रीडायबेटीसच्या 2423 लोकांपैकी निम्म्यांना रोज 4000 युनिट डी दिलं, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी, अडीच वर्षांनी दोन्हीकडे डायबेटीस होण्यात खात्रीने सांगता येईल असा फरक नव्हता. बर्बेरीन, जे आपल्या दारुहळदीत असतं, ते शुगर थोडी उतरवतं असं दिसलंय, मी ते नाकारत नाही. पण प्रयोग बरेचसे छोटे आणि थोड्या दिवसांचे, पोट बिघडतं, दुसऱ्या औषधांच्या कामात ते ढवळाढवळ करतं, आणि पोटुशी बाई किंवा अंगावर पाजणारी आई यांनी त्याला हातही लावायचा नाही. पीसीओडीच्या मुली इनोसिटॉल विचारतात, त्याचा पुरावा अजून तोकडा आहे, घ्यायचंच असेल तर आपल्या डॉक्टरीणबाईंना सांगून घ्या.

आणि याच्यासमोर आपल्याच लोकांवर झालेला अभ्यास ठेवा. चेन्नईचे डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने उंबरठ्यावरच्या 531 लोकांना तीनेक वर्षं पाहिलं, 2006 ला छापलं. ज्यांना नेहमीचाच सल्ला दिला त्यांच्यात शंभरातल्या 55 जणांना डायबेटीस झाला. ज्यांच्याकडून खाण्यात बदल आणि रोज अर्धा तास चालणं करून घेतलं त्यांच्यात 39. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी दिलेल्यांमध्येही 40 च्या आसपासच. म्हणजे चालणं औषधाच्या बरोबरीला बसलं. कारणही सरळ आहे, चालताना स्नायू राबतात तेव्हा ते इन्सुलिनची फार वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात.

मग मी त्यांना एक बाटली फिरवून बारीक अक्षर वाचायला लावलं. त्यांनी चष्मा काढून बाटली डोळ्याजवळ धरली आणि पहिलीच्या पोरासारखं एकेक शब्द वाचला. "नॉट फॉर मेडिसिनल यूज." औषध म्हणून वापरू नये. आपल्याकडे हेल्थ सप्लिमेंटवर हे छापावंच लागतं, कारण ते खाद्यपदार्थाच्या लायसन्सवर विकलं जातं.

"हे मी कधी वाचलंच नाही," म्हणाल्या. सगळं समजून उमजून गेल्या. पंधरा दिवसांनी आल्या तेव्हा पिशवीत सातवी बाटली होती, जांभूळ-कारल्याच्या गोळ्यांची.

इथे बरेच जण चिडतात. "एवढं सांगूनही परत तेच?" मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या विचारांवर काम करणारी आहे, वीस वर्षं झाली, आणि माझा अनुभव असा की समोरचं माणूस शहाणं असून तेच ते करत असेल तर त्या करण्यामागे एखादी 'च' बसलेली असते. 'मी असंच केलं पाहिजे', 'त्यांनी तसंच म्हटलं पाहिजे' यातली ती छोटीशी च. ती सापडेपर्यंत माहितीचा उपयोग नाही.

तिसऱ्या भेटीत ती सापडली, आणि तीही एका झाकणामुळे. दालचिनीच्या बाटलीच्या झाकणाला ज्या उभ्या खाचा असतात ना, त्यात पांढरट पीठ बसलेलं होतं. मी नखाने काढून बघितलं.

"हे काय लागलंय ताई?"

"दादर ज्वारीचं पीठ असेल. कोठीच्या मागे ठेवते ना मी."

"गोळ्या कोठीमागे का?"

त्या हसल्या. "सासूबाईंना दिसलं तर विचारतील किती पैसे घातले."

"यातली एक तरी बाटली घरात सांगून आणली?"

त्या गप्प. बराच वेळ गप्प. मग जे बोलल्या ते मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं. "मॅडम, गोळीला कोणाला विचारावं लागत नाही. घोटभर पाणी घेतलं की झालं. चालायला जायचं तर संध्याकाळी साडेसातला घराबाहेर पडावं लागतं, आणि साडेसातला चुलीवर तवा असतो."

इतकी वर्षं मी ऐकत होते की लोक गोळ्या घेतात कारण आळस असतो, कारण जाहिरातीला भुलतात. माझ्यासमोर बसलेली बाई सकाळी पाचला उठत होती, सोळा किलोमीटर स्कूटीवर शाळेत जात होती, तिला आळशी कसं म्हणणार? तिच्या वडिलांचा पाय डायबेटीसने गेला होता, गुडघ्याखालून. ती भीती रात्रभर जागवायची. त्या भीतीसाठी घरात कोणालाही न दुखावता, कोणाची भाकर न थांबवता जेवढं करता येत होतं तेवढं ती करत होती, आणि ते म्हणजे ह्या बाटल्या. हे मला त्या दिवशी जेवढं स्वच्छ दिसलं तेवढं आधी कधी दिसलं नव्हतं. तेव्हापासून कोणीही सप्लिमेंटचा प्रश्न घेऊन आलं की मी आधी विचारते, रात्री जेवायला किती वाजता आणि कोणाच्या नंतर बसता?

ताईंचं उत्तर होतं, दहा वाजता, सगळ्यांचं झाल्यावर. उरलेल्या दोन भाकरी, जास्तीचा भात, आणि लगेच आडवं.

"सगळ्यांच्या ताटात गरम भाकर तुम्हीच टाकायला पाहिजे, असं घरात कोण म्हणालं?"

"कोणी नाही म्हटलं..." आणि मग स्वतःशीच, "कोणीच नाही म्हटलं."

पुढचा अर्धा तास आम्ही फक्त एक वाक्य बसवलं, हो, नाटकातलं बसवतात तसं. मी सासूबाई झाले. त्या म्हणायच्या, "आई, मी जरा चालायला जाऊ का?" मी थांबवायचे. परवानगी नको मागू, सांग. परत, "जाऊन येऊ का?" पाच वेळा 'का' आला. सहाव्यांदा म्हणाल्या, "आई, डॉक्टरांनी सांगितलंय, मी रोज जेवण झाल्यावर पाऊण तास चालून येणार, आजपासून सगळे आठला सोबत जेवू, भाकरी टोपल्यात झाकून ठेवेन." आवाज थरथरत होता पण 'का' नव्हता.

घरी काय झालं? नवरा दोन दिवस घुम्यासारखा होता. सासऱ्यांनी थंड भाकरीबद्दल एकदा कुरकुर केली. आणि सासूबाई तिसऱ्या दिवशी दारात चप्पल घालून उभ्या, "थांब वं, मी बी येस." ज्या माणसाच्या धाकाने आठ महिने बाटल्या लपवल्या तीच सोबत. असं दर वेळी होत नाही हेही सांगते, काही घरांत महिना-दोन महिने तोंड वाकडं राहतं, तेवढं सहन करायची तयारी आम्ही खोलीतच करून घेतो.

बाटल्यांचा निर्णय मी घेतला नाही, तो माझा अधिकार नाही. सगळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा म्हटलं. त्यांनी तपासणी केली, डी आणि बी12 दोन्ही कमी निघालं, तेवढं ठराविक दिवसांसाठी दिलं, शुगर उतरेल म्हणून नाही तर कमी आहे म्हणून, आणि बाकीचं बंद.

तुम्हीही हेच करा. जे काही घेताय, मग ते काढे असोत, पावडर, बाजारातली बिनलेबलची पुडी, केसांच्या गोळ्यासुद्धा, सगळं डॉक्टरांना दाखवा. केसांच्या गोळीतलं बायोटिन थायरॉइडसारख्या काही तपासण्यांचे आकडे चुकवतं, आणि शुगरची गोळी आधीच चालू असेल तर वरून घेतलेल्या काढ्याने शुगर फार खाली जाऊ शकते. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी बी12 तपासून घ्यावं, ती गोळी ते कमी करते. मेटफॉर्मिनला घाबरून सप्लिमेंटकडे पळणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं, डॉक्टरांनी दिली असेल तर ती सोडू नका.

आणि आपल्या खान्देशात जेवण बदलायला वेगळं काही आणावं लागत नाही. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकर आहे, उडदाची डाळ आहे, वांगी-मेथी आहे. फक्त वरण-बट्टीला बट्ट्या मोजून घ्या आणि शेवभाजीवरची तर्री वाढून घेताना हात आवरा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 44-45 ला जातो तेव्हा संध्याकाळी सहाला चाला असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, रात्री जेवल्यावर चाला, नाहीतर पहाटे. झोप सहा तासांच्या खाली गेली तर तिच्याकडेही बघा, कमी झोपेने इन्सुलिनचं ऐकणं आणखी मंदावतं.

आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) ताईंचा रिपोर्ट आला, एचबीएवनसी 5.8, वजन साडेतीन किलो कमी. रिपोर्टचा कागद त्यांनी माझ्या टेबलावर उलटा ठेवला आणि म्हणाल्या, तुम्हीच उलटा करा. मला फार आनंद झाला, लपवत नाही.

श्रावणात कानबाई आली, आपल्या खान्देशातल्या देवीचा सण. घरात पाहुणे, रोट, पुरणपोळ्या, खीर, भाऊबंदकी, बारा दिवस चालणं पूर्ण बंद. तेराव्या दिवशी फोन, आवाज अगदी पडलेला, "मॅडम सगळं गेलं." मी विचारलं, काही नवीन मागवलं का? "नाही," म्हणाल्या, "सासूबाई चपला घालून उभ्या आहेत, ठेवते आता."