विजेचा रंधा आणि जुने सागवान

प्रश्न : आमच्या जुन्या घराच्या सागवानी फळ्या विजेच्या रंध्याने साफ करताना लाकडावर लाटा उमटतात आणि टोकांना खड्डा पडतो. काय करावे? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : वडिलोपार्जित सागवान आपण टाकून दिले नाही, याचा मनापासून आनंद वाटतो. रंध्याच्या फिरत्या ड्रमवरील दोन पात्यांपैकी एकच वर राहिले, तर तेवढेच कापते आणि लाटा येतात. म्हणून प्लग काढून, पाती जोडीनेच बदलावीत आणि दोन्हींची धार मागच्या तळाच्या पातळीत आहे का, हे सरळ पट्टी ठेवून तपासावे. रंधा घाईने ढकलल्यानेही हाच दोष येतो. टोकांचा खड्डा हाताच्या दाबामुळे पडतो : सुरुवातीस भार पुढच्या मुठीवर आणि शेवटी मागच्या मुठीवर असावा. जुन्या लाकडात मोडके खिळे हमखास असतात, तेव्हा आधी चुंबक फिरवून ते शोधावेत आणि काढावेत. खटका सोडल्यावरही ड्रम काही क्षण फिरत राहतो. तो पूर्ण थांबेपर्यंत रंधा खाली ठेवू नये, आणि अडकलेल्या ढलप्या बोटाने तर कधीच काढू नयेत.