किनवटच्या सागाच्या जंगलात वाळक्या पानासारखा दिसणारा हा छोटा पतंग कोणता? त्याच्या अळ्यांवर फवारणी करावी का?

तुमच्या वर्णनावरून हा सागाची पानं खाणाऱ्या अळीचा पतंग वाटतो, शास्त्रीय नाव हायब्लिया प्युएरा. "बसला की सापडत नाही, उडाला की केशरी चमकतं" असं तुम्ही लिहिलंय, आणि त्याची खूण तीच आहे. पुढचे पंख करडे-तपकिरी. बसताना ते उतरत्या छपरासारखे मिटतात आणि काळ्या मागच्या पंखांवरचे केशरी-पिवळे ठिपके झाकून जातात. पंख पसरले तर जेमतेम 3 ते 4 सेंटीमीटर.

केशरी मागचे पंख मोसंबीचा रस शोषणाऱ्या पतंगालाही असतात. जालन्याकडच्या बागायतदारांना तो चांगला ठाऊक आहे. पण तो याच्या दुपटीहून मोठा, आणि त्याची अळी गुळवेलीवर वाढते.

तुम्हाला तो मृगाच्या पावसानंतर दिसला, हेही जुळतं. साग पालवला की मादी रात्री कोवळ्या पानांवर एकेक अंडं घालते. साधारण 2 दिवसांत अळी बाहेर येते. सुरुवातीला ती पान नुसतं खरवडते. जरा मोठी झाली की मात्र पानाची कड कापते, तो तुकडा दुमडून रेशमी धाग्यांनी शिवते आणि त्या आडोशाला राहून खाते. मला या किड्याचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच आहे! अशा दुमडलेल्या कडा दिसल्या तर एक हलकेच उलगडून पाहा. दोनेक आठवड्यांत पूर्ण वाढलेली अळी धाग्याला लोंबकळत खाली उतरते, पाचोळ्यात कोष करते आणि आठवडाभरात पतंग होतो. म्हणजे अंड्यापासून पतंगापर्यंत सगळं तीनेक आठवड्यांत उरकतं.

पावसाळा सरताना पानांची नुसती जाळी उरलेली दिसली, तर ते काम दुसऱ्या किडीचं. तिचा पतंग पिवळा, त्यावर लालसर नागमोडी रेषा.

जंगलात फवारणी अजिबात करू नका. पूर्ण ओरबाडलेला सागसुद्धा पुन्हा पालवतो, फक्त त्या वर्षी खोडाची वाढ मागे पडते. त्याच दिवसांत पाखरांची पिल्लं याच अळ्यांवर पोसली जातात, आणि विषारी अळ्या त्यांच्या चोचीत जाणं मला तरी बघवणार नाही. तुमची स्वतःची कोवळी सागलागवड असेल, तर पालवी फुटताच पानांच्या कडा तपासत राहा आणि दुमडलेली पानं अळीसकट तोडून टाका.