गंजातला मोबाइल आणि मे महिन्यातली रेकॉर्ड

(नागपुरात बर्डीवर मोदी नंबर दोनच्या गल्लीत मी एकवीस वर्षं कॅसेट विकल्या. दुकान बंद झालं, लोकांचं विचारणं झालं नाही. म्हणून हे पान.)

काका, आम्ही हॉस्टेलवरचे सहा जण आर्क्टिक मंकीज या ब्रिटिश रॉक बॅण्डचे भक्त. त्यांचा ‘द कार’ हा अल्बम आम्ही रूमवर एकत्र ऐकला, मोबाइल स्टीलच्या गंजात (म्हणजे पातेल्यात) ठेवून. चौघं म्हणतात, बॅण्ड म्हातारा झाला. ड्रम गायब, गिटार गायब, नुसती सिनेमातल्यासारखी व्हायोलिनं. दोघं म्हणतात, हाच त्यांचा सगळ्यात भारी अल्बम. पण तो नंबर एकवर पण गेला नाही. मी चौघांतला आहे. कोण बरोबर?
— इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, प्रतापनगर

अरे बाप्पा, गंज! तुझं पत्र वाचलं आणि उठून स्वयंपाकघरात गेलो. दुधाचा गंज रिकामा होता. त्यात मोबाइल ठेवला आणि तुमच्या अल्बमचं पहिलं गाणं लावलं. आवाज मोठा झाला हे खरं, पण कोणता आवाज? गायकाचा. तोही न्हाणीघरात उभा राहून म्हणत असल्यासारखा. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज मुळात निघतच नाही, आणि जे निघत नाही ते गंज कुठून मोठं करणार? बेस गिटार गेली, ड्रमचा पोटातला आवाज गेला, व्हायोलिनांचा पातळ किसच उरला. मग नातवाचा हेडफोन लावून तेच गाणं ऐकलं. मॅट हेल्डर्स ड्रमवर बसलेला आहे रे. फक्त त्यांच्या आधीच्या ‘एएम’ अल्बमसारखा छातीवर येऊन बसत नाही, मागच्या खोलीत बसून वाजवून राहिला. तुम्ही सहा जणांनी वाद घातला तो अर्धा अल्बमवर आणि अर्धा भांड्यावर.

आता ‘म्हातारा झाला’ म्हणता त्याबद्दल. या पोरांचा पहिला अल्बम जानेवारी 2006 मध्ये आला. त्याच वर्षी मी शटर कायमचं ओढलं, म्हणून लक्षात आहे. ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात साडेतीन लाखांवर प्रती गेल्या होत्या. तेव्हा गाणी लिहिणारा अ‍ॅलेक्स टर्नर नुकताच वीस वर्षांचा झाला होता. शेफिल्डच्या रात्री, टॅक्सीची रांग, क्लबच्या दारावरची कटकट, असं सगळं त्या गाण्यांत होतं. 2013 च्या ‘एएम’मध्ये हिप-हॉपची चाल घेतली, आणि तुमच्या पिढीला बॅण्ड भेटला तो तिथे. पुढे तिसाव्या वाढदिवसाला टर्नरला कुणी पियानो भेट दिला, आणि 2018 च्या अल्बमची गाणी त्या पियानोवर बसून लिहिली गेली. हाताखालचं वाद्य बदललं की चाल बदलतेच. पेटीवर बांधलेली आणि तंबोऱ्यावर बांधलेली बंदिश एकसारखी निघत नाही, तसंच. ‘द कार’चं बरंचसं काम सफोकमधल्या एका जुन्या मठाच्या वास्तूत झालं, तेव्हा टर्नर पस्तीसचा होता. पस्तीस वर्षांच्या माणसानं टॅक्सीच्या रांगेवर किती दिवस गाणी लिहावी?

नंबर एकचं म्हणशील तर आधीचे सहाच्या सहा अल्बम ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत एकवर गेले, हा दोनवर थांबला. पण 21 ऑक्टोबर 2022 ला, अगदी त्याच दिवशी, अमेरिकेच्या स्टार गायिका टेलर स्विफ्टचा ‘मिडनाइट्स’ आला. पोळ्याला तुझा बैल दुसरा आला, तर शेजारी कोणाचा बैल उभा होता तेही पाहावं लागते ना.

इतकं बोललो म्हणून मी त्या दोघांच्या बाजूचा आहे असं समजू नको. मला पहिली चार गाणी फार आवडली. त्यानंतर मात्र अल्बम सिव्हिल लाइन्समधल्या उन्हाळी दुपारीसारखा लांबतो. सावली छान आहे, पण कोणी बोलत नाही. सदतीस मिनिटांचा अल्बम पन्नासचा वाटला. तुम्ही चौघं हेडफोनवर ऐकून परत ‘नाही आवडला’ म्हणालात, तर मी तुमचं ऐकीन.

माझ्या उधारीच्या वहीच्या मागच्या पानांवर गिऱ्हाइकांची अशी मतं लिहिलेली आहेत. एक नोंद 2000 ची: ‘धर्मपेठ. कंदिसा. परत. कारण: भाषा कोणती ते कळत नाही.’ इंडियन ओशन या बॅण्डच्या त्या अल्बमचं शीर्षकगीत केरळातल्या सिरियन ख्रिश्चनांच्या जुन्या प्रार्थनेवरून केलेलं, त्यामुळे त्या गृहस्थांची काही चूक नव्हती. मी कॅसेट बदलून गझलची दिली. सहा महिन्यांनी ते परत आले आणि जुन्या कॅसेटच्या खोक्यात उकरत बसले. त्यांना तीच कॅसेट सापडली, तीच म्हणजे त्यांचीच. आतल्या कागदावर निळ्या शाईनं त्यांचं नाव होतं. दहा रुपये कमी करा म्हणाले. केले.

माझी मुलगी कॉलेजमधून आली की दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी नावाच्या बॅण्डचा नवा अल्बम लावते. मला ते लग्नाच्या ब्यांडसारखं वाटतं, पण वरात कुठे जातच नाही, आहे तिथेच घुटमळते. ती म्हणते, आई तुला कळत नाही. खरंच यात कळण्यासारखं काही आहे का?
— गृहिणी, मनीषनगर

ताई, तुम्हाला कळलं आहे. फक्त तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलं. या बॅण्डमध्ये ट्रम्पेट आहे, आणि जुनं कॅबरे, जॅझ, वरात हे सगळं ते जाणूनबुजून एकात एक मिसळतात. गाणारे सूर्यकांत साहनी. गाणी बहुतेक इंग्रजीत. 2019 ला ‘बिस्मिल्ला’ आला, आणि तुमच्या घरी वाजतो तो 2024 चा ‘बीटा’ असावा. घुटमळणारी वरात हे वर्णन मी कोणत्या समीक्षकाकडून ऐकलं नाही, पुढच्या वेळी गिऱ्हाइकाला सांगायला ठेवून घेतो. (गिऱ्हाईक कुठलं आता, सवय आहे.)

आपल्याकडे ट्रम्पेट म्हटलं की नाचणंच आठवते. पण पाठवणीच्या वेळी तोच ब्यांडवाला तेच ट्रम्पेट हळू वाजवतो तेव्हा मांडवातले सगळे नाक पुसतात. ही मंडळी त्या दुसऱ्या ट्रम्पेटची. मुलीला अर्थ विचारू नका, ती चिडेल. यातलं कोणतं गाणं ती लागोपाठ दोनदा लावते तेवढं बघा, आणि पोळ्या लाटताना तेवढं एकच ऐका. बाकीचा अल्बम तिचा तिला राहू द्या.

‘द कार’ची रेकॉर्ड तीन हजारांवर पैसे मोजून ऑनलाइन मागवली. मे महिन्यात आली. काढून पाहतो तर पापडासारखी वाकलेली, सुई उड्या मारते. मी अल्बमला एक तारा देऊन मोकळा झालो. विकणारा म्हणतो, पाठवली तेव्हा सरळ होती.
— बँक कर्मचारी, सदर

पॅकिंग नीट नसेल तर तक्रार कराच, पण तो कदाचित खरं बोलून राहिला. रेकॉर्ड म्हणजे पीव्हीसी. साठ अंशांच्या पुढे गेली की ती मऊ पडायला लागते. आपल्याकडे मे मध्ये बाहेरच पंचेचाळीस. पत्र्याची बंद गाडी दुपारभर उन्हात उभी राहिली की आत काय होत असेल, हात लावून बघा. मी स्वतः पहिल्या उन्हाळ्यात शोकेसच्या वरच्या रांगेत चाळीस कॅसेट मांडल्या होत्या. पश्चिमेचं ऊन. आठवड्यात खोकी वाकली आणि फिती अडकल्या. त्यानंतर तिथे रिकामी कव्हरं लावत होतो.

दोन काचांमध्ये दाबून ओव्हनमध्ये ठेवायचा उपाय लोक सांगतात. करू नका, खाचा गेल्या की परत येत नाहीत. बदलून मिळाली तर ती नोव्हेंबरनंतर मागवा. नाहीतर मुंबईहून कोणी विदर्भ एक्सप्रेसच्या एसी डब्यातून येत असेल, त्याच्या बॅगेत उभी ठेवून आणा, आडवी नको. आणि तो एक तारा काढा हो. तो ट्रकला द्यायचा होता.

लांबण नको. ‘द कार’ला दहापैकी किती?
— एक वाचक, महाल

आकडा सांगायला मी काय मटकेवाला आहे जी? दुसऱ्यांदा ऐकताना चहा थंडा झाला. चौथ्या गाण्यानंतर मात्र उठून तो गरम करून आणला.