बाईला कंठमणी असतो का?

प्रश्न असा आला होता: हॉस्पिटलच्या माहितीपत्रकाचा अनुवाद करताना एकीने लिहिलं, ‘कंठमण्याखालच्या खळग्यात सुई टोचतात.’ पत्रक बायकांसाठी होतं. तपासणाऱ्याने शब्दावर लाल रेघ मारली, ‘कंठमणी पुरुषांनाच असतो’ म्हणून. बरोबर कोण?

रेघ योग्य आहे, पण दिलेलं कारण अर्धवट.

आरशासमोर उभं राहा आणि हनुवटीपासून बोट मधोमध हळूहळू खाली आणा. आधी एक बारीक हाड लागेल, मग कडक कड आणि तिच्या मध्यावर खाच. आता आवंढा गिळा. बोटाखालचं सगळं वर जाऊन परत येतं. ही स्वरयंत्राची ढालीसारखी कूर्चा (म्हणजे लवचीक, मऊ हाड), दोन फळ्या पुढे जुळलेली. बाईलाही ती असतेच. फरक त्या फळ्यांमधल्या कोनाचा: पुरुषांत साधारण ९० अंश, स्त्रियांत १२०. कोन अरुंद झाला की टोक पुढे येतं, आणि मणी म्हणतात तो त्या टोकाला. म्हणून अवयवाबद्दल बोलायचं तर ‘स्वरयंत्र’, नुसत्या उंचवट्याबद्दल ‘कंठमणी’.

वयात येईपर्यंत मुलामुलींत हा फरक फारसा नसतो. मग मुलाला कंठ फुटतो: कूर्चा वाढते, आतले स्वरतंतू लांबतात आणि आवाज जवळजवळ सप्तकभर उतरतो. माझी आजी याला ‘घाटी फुटली’ म्हणायची. फार नेमका शब्द, तो जपायला हवा. (पोपटाला कंठ फुटतो तो मात्र गळ्याभोवतीचा पट्टा. गंमत म्हणजे तोही नरालाच.)

शस्त्रक्रियेच्या टेबलावर हा शब्दांचा कीस राहत नाही. श्वास कोंडला की डॉक्टर ढालीसारखी कूर्चा आणि तिच्याखालची अंगठीसारखी कूर्चा यांच्यामधल्या पडद्यातून वाट करतात. ही जागा बोटाने चाचपून शोधायची असते. बाईच्या गळ्यावर खाच सहज लागत नाही, त्यामुळे जागा चुकण्याचं प्रमाण बायकांत जास्त. तिथे ‘कंठमण्याखाली’ या खुणेचा उपयोग काय?

उलट ट्रान्स स्त्रिया करून घेतात त्या शस्त्रक्रियेला ‘कंठमणी तासणे’ हेच नाव चपखल बसतं, कारण उंचवटाच कमी करायचा असतो. तिथेही हात जपूनच चालवावा लागतो: स्वरतंतूंची पुढची टोकं त्याच कूर्चेला आतून, साधारण मध्यावर चिकटलेली असतात. तासणं तिथवर उतरलं तर आवाज बिघडतो.

पत्रकात मी लिहीन: ‘गळ्याच्या मधोमध, स्वरयंत्राच्या दोन कूर्चांमधल्या खळग्यात सुई टोचतात.’