कोल्हापुरी कोणाची?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये थेट कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, पण भारताचा साधा उल्लेखही केला नाही. तेव्हा तू इन्स्टाग्रामवर किती पोटतिडकीने लिहीत होतीस ते मी वाचत होतो. नंतर ऑफिसातल्या तमिळ मैत्रिणीने ही चप्पल बनते कशी असं विचारलं आणि तुला सांगता येईना. दिवसभर इंग्रजी, रात्री कोरियन मालिका, मराठी आईच्या फोनपुरती. मग तो राग खोटा होता का, असं तू विचारतेस.

खोटा नव्हता. कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, म्हणजे हे नाव आणि ही कला कोणत्या भागाची हे कागदोपत्री ठरलेलं आहे. ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं, तिची माणसं कोल्हापुरात येऊन गेली, आणि वर्ष संपता संपता महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. तुम्ही पोरं गप्प बसला असतात तर यातलं काही झालं असतं असं मला वाटत नाही.

मला बोलायचं आहे ते तुझ्या 'आमची कोल्हापुरी'मधल्या 'आमची'बद्दल. ते मानांकन आठ जिल्ह्यांचं आहे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपल्याकडचे चार, आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातले चार. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीत ही चप्पल शिवणारे कितीतरी हात कन्नड बोलणाऱ्यांचे आहेत. सीमेवरून आपण भांडत राहिलो, पण कातडं, कारागीर आणि गिऱ्हाईक यांची ये-जा कधी थांबली नाही.

आणि हे काम पिढ्यान् पिढ्या केलं कोणी? कातडं कमावलं ढोर समाजाने, चपला शिवल्या चांभार समाजाने. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडं कितीतरी दिवस मुरवायचं, तळ कापायचे, कान म्हणजे बाजूच्या पट्ट्या जोडायच्या, खिळा न वापरता चामड्याच्याच वादीने शिवायचं. चपलेवरची चामड्याची वेणी गुंफण्याचं नाजूक काम बहुतेक घरांत बायका करतात. ज्यांच्या हातची वहाण गावाने मिरवली त्यांना त्याच गावाने वेशीपलीकडे ठेवलं. मिलानने नाव घेतलं नाही याचा आपल्याला संताप आला, तो यावाच. पण इथे आपण तरी त्यांचं नाव कधी घेतलं? हा विसर जागतिकीकरणाने आणलेला नाही, तो त्याच्या कितीतरी आधीचा आहे. 2015 च्या गोवंश हत्याबंदीनंतर कच्चं कातडं मिळणं अवघड झालं, रेक्झिनच्या नकलांनी बाजार भरला, तेव्हा किती जणांनी पोस्ट लिहिल्या? तुझ्यावर ठपका ठेवत नाही, तू तेव्हा शाळेत होतीस. पण परदेशातल्या कोणी हात लावल्यावरच जागा होणारा अभिमान फार काळ पुरत नाही, एवढं मला नक्की दिसतं.

कोरियन मालिकांचं म्हणशील तर त्या खुशाल बघ. आपल्या उपासाच्या ताटातला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची, सगळं मुळात अमेरिका खंडांकडचं. आजीने ते देवघराजवळ नेऊन ठेवलं आणि ते आपलं झालं. बाहेरून काय येतं याची भीती मला वाटत नाही. जवळ आहे त्याची ओळखच नसणं मला जास्त खुपतं.

म्हणून सुट्टीत कोल्हापूरला ये. चप्पल लाइनीतली दुकानं बघून परत जाऊ नकोस. सुभाषनगरात, जवाहरनगरात कारागिरांची घरं आहेत, तिथे परवानगी घेऊन बस. फोन पिशवीत राहू दे. एक जोड घे आणि सांगतील ती किंमत दे, घासाघीस करू नकोस. किमतीतलं कातड्याचं किती, मजुरीचं किती आणि दुकानदाराचं किती, हे मात्र विचारून घे. त्यातून तुला बाजार जितका समजेल तितका माझ्या पत्रातून समजणार नाही.

त्यांच्या मुलांशीही बोल. बरीच मुलं म्हणतील, आम्हाला हे काम करायचं नाही. ऐकून वाईट वाटेल, पण समजावायला जाऊ नकोस. त्यांनाही इंग्रजी, कॉम्प्युटर, पुण्यातली नोकरी हवी आहे, आणि ती मागण्याचा त्यांना तुझ्याइतकाच हक्क आहे. ज्यांना या कामात राहायचं आहे त्यांना पैसा आणि मान दोन्ही मिळायला हवेत. ऑनलाइन विक्री, हिशेब, इंग्रजी पत्रव्यवहार ही कामं तुला येतात. त्यांना त्यातलं काय हवं आहे ते आधी विचार आणि मग त्या कामाला लाग.

येण्याआधी कळव.

तुझे,
सर