वाचकांचे प्रश्न: पक्ष्यांची तिकिटं आणि पावसाळा

प्रश्न (फोंडा): जुन्या पाकिटांवरची पक्ष्यांची तिकिटं पाण्यात सोडवली, तर काहींचा रंग फुटला, काही वाळताना वेटोळी झाली. काय चुकलं?

उत्तर: बहुधा पाणी गरम होतं आणि रंगीत पाकिटांचे तुकडे त्याच ताटलीत होते. खाकी, लाल पाकिटं वेगळी भिजवा. त्यांचाच रंग तिकिटाला लागतो. तिकिटाभोवती सेंटीमीटरभर कागद सोडून कापा, दातेरी कडेला कात्री लागू देऊ नका. साधं पाणी, पंधरा-वीस मिनिटं. तिकीट आपोआप सरकलं पाहिजे, ओढायचं नाही. मग डिंक उरणार नाही असं स्वच्छ पाण्यात बुडवून, चित्राची बाजू खाली करून टीपकागदावर वाळवा. पुरतं वाळायच्या आधीच जाड पुस्तकात दाबलं की वेटोळं होत नाही.

१९९४ चा जलपक्ष्यांचा चार तिकिटांचा संच मात्र पाण्याला दाखवूच नका. त्याची शाई पाण्यात सुटते. तो पाकिटाच्या तुकड्यासकटच ठेवा. स्वतः चिकटणारी बरीच तिकिटंही पाण्याने सुटत नाहीत, तीही तशीच राहू द्या.

प्रश्न (डिचोली): कोरी तिकिटं जुलैत एकमेकांना चिकटून बसली. सोडवता येतील?

उत्तर: येतील, पण सुरीने नव्हे. झाकणाच्या डब्यात ओला स्पंज ठेवा, त्यावर जाळी आणि जाळीवर तिकिटं, पाण्याचा थेंब न लागता. काही तासांनी डिंक मऊ होतो, मग चिमट्याने हळू वेगळी करा. डिंकाची मूळ चकाकी बहुतेक जातेच, म्हणजे किंमतही घटते. म्हणून आपल्याकडे मे संपायच्या आत तयारी हवी: स्टॉकबुक (तिकिटं खोचून ठेवायची वही) उभं ठेवा, आडव्या थप्पीत दाब पडतो. भिंतीला टेकलेलं कपाट टाळा, तिकिटांच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि रंग बदलला की वाळवून परत ठेवा. मऊ पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटं नकोत. पावसाच्या उघडिपीत, ऊन लागणार नाही अशा जागी पानं तासभर उघडी करा. तपकिरी डाग आणि कसर त्याच वेळी दिसते.

प्रश्न (मडगाव): गोव्यात दिसणारे पक्षी एवढाच विषय घेतला तर?

उत्तर: छान, आणि आवाक्यातला. १९७५ च्या संचातला नवरंग (२५ पैसे) आणि काळ्या डोक्याचा हळद्या (५० पैसे) इथे दिसतात. त्याच संचातले ट्रॅगोपान आणि मोनाल हिमालयातले, ते सोडून द्या. १९८३ चं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शताब्दीचं, मोठ्या धनेशाचं तिकीट नक्की घ्या. धनेश मोल्यासारख्या घाटपट्ट्यातल्या जंगलात आहे. २०१० ची चिमणी तर दारातली. डॉ. सालिम अलींच्या जन्मशताब्दीची १९९६ ची जोडी शेजारी लावा, चोडणचं अभयारण्य त्यांच्याच नावाचं. जोडलेली तिकिटं फाडू नका, वेगळी झाली की जोडी संपली.